मापे अनेक, वही एक

बंगळूर, म्हणजे आजचे बेंगळुरू, असे म्हटले की काचेच्या उंच इमारती आणि त्यांत बसून संगणकाच्या आज्ञावली लिहिणारी तरुण मंडळी डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु या शहराचे मूळ शोधावयाचे तर पेठेतच जावे लागते. केंपेगौडाने १५३७ साली वसविलेल्या आणि पुढे काही काळ शहाजीराजांच्या जहागिरीत असलेल्या या गावातील पेठांना नावे पडली ती मालावरून. अक्की म्हणजे तांदूळ, म्हणून तांदळाची ती अक्किपेटे. अरळे म्हणजे कापूस, त्याची ती अरळेपेटे. नाचणीची रागीपेटे, आणि कापडाकरिता प्रसिद्ध असलेली चिक्कपेटे. मराठीतील पेठ आणि कानडीतील पेटे यांचे नाते सांगावयास नकोच. मालाप्रमाणे पेठ निराळी, आणि पेठेप्रमाणे मापही निराळे. कापूस गाठीने घ्यावा, तांदूळ पोत्याने, कापड थानाने, बांगड्या डझनाने.

या पेठेचा आणि त्या काचेच्या इमारतींचा संबंध वाटतो त्यापेक्षा अधिक जवळचा आहे. गिरण्यांना आणि कारखान्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरविणारे श्यामसुंदर गोएंका यांना आपला हिशेब नीट ठेवील अशी आज्ञावली बाजारात मिळेना. तेव्हा त्यांनी गणिताचा पदवीधर असलेला आपला मुलगा भरत याच्याकडून ती लिहवून घेतली. १९८६ साली बंगळुरात ‘प्यूट्रॉनिक्स’ या नावाने सुरू झालेल्या या उद्योगातून पुढे ‘टॅली’ निघाली. भरत गोएंका यांना २०२० साली पद्मश्रीचा मान मिळाला. हिशेबनिसाच्या जागेसाठी ‘टॅली येणारा हवा’ अशी पाटी आता लहान गावांतील दुकानांवरही दिसते. विशेषनामाचे सामान्यनाम होण्याचा हा प्रकार एखाद्या हिशेबाच्या वहीच्या वाट्याला क्वचितच आला असेल.

अशा वहीत रुपयांची बाजू सहसा अडत नाही. रुपया कोठेही गेला तरी शंभर पैशांचाच. अडते ती मालाची बाजू. व्यापारी माल घेतो एका मापाने, कोठारात ठेवतो दुसऱ्याने आणि गिऱ्हाइकाला देतो तिसऱ्याने. पोते आले, त्यातून किलो गेले, तर उरले किती, हे दुकानातील जुना दिवाणजी डोळे मिटून सांगेल. संगणकाला ते सांगता येत नाही. त्याच्या लेखी ‘पोते’ हा केवळ अक्षरांचा समूह आहे. पोत्यात किती किलो, हे कोणीतरी एकदा त्याला सांगावे लागते, आणि जे सांगितले ते चूक असले तरी तो ते इमानाने वर्षानुवर्षे पाळतो.

ही अडचण संगणकाने आणलेली नाही. एकाच नावाखाली अनेक मापे नांदविण्याची कला या देशात फार जुनी आहे. मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा, आणि पुढे ज्याला सरकारी मण म्हणू लागले तो बंगालचा मण ८२ पौंडांहून थोडा अधिक. म्हैसूर संस्थानात २४ तोळ्यांचा कच्चा शेर चाले, तर सरकारी शेर होता ८० तोळ्यांचा. बंगळूरच्या व्यापाऱ्याला मुंबईहून ‘दहा मण’ मालाची हुंडी आली म्हणजे तो मण कोणता, हे पत्रावरच्या गावावरून ओळखावे लागे.

मराठी मुलखात धान्य तोलण्यापेक्षा मापण्याची चाल अधिक. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, हे कोष्टक एका काळी मुलांना तोंडपाठ असे. दुपटीदुपटीने चढणारी ही शिडी गणिताच्या दृष्टीने मोठी सुबक आहे. पण शिडीच्या वरच्या टोकाला मण कोठे बारा पायल्यांचा तर कोठे सोळा पायल्यांचा. शिवाय पायली हे आकारमानाचे माप. पायलीभर भात आणि पायलीभर तांदूळ यांचे वजन एक नव्हे. त्यातच शिगेचा प्रश्न. माप सपाट भरावयाचे की शीग लावून? घेताना शिगेने आणि देताना सपाट, या एवढ्याशा फरकावर कित्येक सावकारांची कोठारे भरली आणि कित्येक कुळांची रिकामी झाली. मापाचे नाव दोन्ही वेळा पायलीच! वहीत पाहणाऱ्याला काहीच वावगे दिसत नसे.

स्वातंत्र्यानंतर या गोंधळाला आळा बसला. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली आणि १ एप्रिल १९६२ पासून ती देशभर सक्तीची झाली. जुना सरकारी शेर तेव्हा ०.९३३१ किलोग्रॅम धरला गेला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत ५७ क्रमांकाचा प्रमाण किलोग्रॅम जपून ठेवलेला आहे. २० मे २०१९ पासून मात्र किलोग्रॅमची व्याख्या कोणत्याही धातूच्या ठोकळ्यावर अवलंबून नसून निसर्गातील एका स्थिरांकावर आधारलेली आहे. बंगळुरातही केंद्र सरकारची प्रादेशिक मानक प्रयोगशाळा आहे. तराजू आणि वजने यांच्या बाबतीत आजचा व्यापारी आपल्या आजोबांहून कितीतरी सुरक्षित आहे, यात शंका नाही.

मग अडचण उरली कोठे? ती उरली मापांमधल्या नात्यात. या ठिकाणी दोन अगदी निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते, आणि साठ्याच्या वहीतील बहुतेक घोटाळ्यांचे मूळ या गल्लतीत असते.

काही नाती कायमची असतात. डझन म्हणजे बारा, ग्रोस म्हणजे १४४, किलो म्हणजे हजार ग्रॅम. बांगड्या असोत की खिळे, डझन बाराचाच. अशी नाती संगणकाला एकदा सांगितली की ती सर्व मालाला लागू पडतात. टॅलीमध्ये यांना संयुक्त एकके म्हणतात. दुसरी नाती मात्र मालाची असतात, मापाची नसतात. सिमेंटचे पोते ५० किलोंचे. तांदळाचे पोते २५ चे, ५० चे, किंवा गिरणीवाला भरील तेवढ्याचे. आपल्याकडे कापसाची गाठ १७० किलोंची धरतात, तर अमेरिकेतील आकडे ४८० पौंडांच्या, म्हणजे सुमारे २१८ किलोंच्या गाठीत येतात. अरळेपेटेतील दलालाने अमेरिकी उत्पादनाची बातमी वाचून आपल्या गाठींशी तिची तुलना केली तर तो सव्वापटीहून अधिक चुकेल. ‘एक गाठ म्हणजे इतके किलो’ असे सार्वत्रिक सूत्र जगात कोठेही नाही. ते नाते त्या त्या मालाच्या खात्यातच लिहावयास हवे. टॅलीत यासाठी प्रत्येक मालाला पर्यायी एकक देण्याची सोय आहे. सोय असली तरी घाईत असलेला कारकून पोत्याला एकदा ५० किलो असे सर्वांसाठी ठरवून टाकतो, आणि पुढे २५ किलोंची पोती येऊ लागली की गोदामात नसलेला तांदूळ वहीत वाढत जातो.

खाद्यतेलाचे उदाहरण याहून उद्बोधक आहे. घाऊक तेल वजनाने घेतले जाते, आणि गिऱ्हाईक मागते लिटरने. लिटरभर तेलाचे वजन किती? ते तेलावर अवलंबून आहे, हे उघड आहे. पण ते उष्णतेवरही अवलंबून आहे. लिटरभर सोयाबीन तेल २१ अंश सेल्सिअसला सुमारे ९१९ ग्रॅम भरते, तर ६० अंशांना सुमारे ८९३ ग्रॅम. तापवले की तेल फुगते आणि लिटरात कमी मावते. तेव्हा पिशवीवर अधिक तापमान छापून तेवढ्यापुरते खरे राहणे आणि गिऱ्हाइकाला प्रत्येक लिटरामागे पंचवीस-सव्वीस ग्रॅम कमी देणे, हे शक्य होते. घरच्या स्वयंपाकघरात तेल काही साठ अंशांवर नसते. म्हणून २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने तेल भरणाऱ्यांना तापमानाचा उल्लेख काढून टाकून आकारमानासोबत वजनही छापण्यास सांगितले. जुन्या शिगेचा हा आधुनिक अवतारच म्हणावयाचा.

असल्या चुकीची किंमत केवळ पैशांत मोजावी लागते असे नाही. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एक प्रवासी विमान इंधन संपून भर आकाशात निःशब्द झाले. विमानातील इंधन दाखविणारे यंत्र बिघडले असल्यामुळे हिशेब कागदावर करावा लागला होता. प्रवासाला २२,३०० किलो इंधन हवे होते. टाक्यांत ७,६८२ लिटर होते. लिटराचे किलो करण्यासाठी गुणक घेतला गेला १.७७. परंतु हा गुणक होता पौंडांचा. कॅनडात तेव्हा मेट्रिक पद्धतीकडे संक्रमण चालू होते आणि नवे विमान किलोत मोजणारे होते. खरा गुणक होता सुमारे ०.८. परिणामी २०,००० लिटरांहून अधिक इंधन भरावयाचे तेथे ४,९१७ लिटर भरले गेले. बेरीज, गुणाकार, भागाकार यांत कोठेही चूक नव्हती. वैमानिकांनी ते अवजड विमान ग्लायडरप्रमाणे तरंगत नेऊन गिमली येथील एका जुन्या धावपट्टीवर उतरविले, म्हणून आतील ६९ माणसे वाचली. साठ्याची वही चुकली तर दुकानदाराचे नुकसान होते. तेथे तीच चूक एकेचाळीस हजार फुटांवर उघडकीस आली. पुढे १९९९ साली अमेरिकेचे मंगळाकडे गेलेले एक यानही असेच, दोन आज्ञावलींनी बलाचे माप निरनिराळ्या पद्धतींत धरल्यामुळे, नाहीसे झाले. १.७७ या आकड्याशेजारी ‘पौंड प्रति लिटर’ एवढे तीन शब्द असते तर कोणाच्या तरी नजरेस ते पडले असते. एककावाचून लिहिलेला गुणक म्हणजे पत्ता नसलेले पाकीट.

व्यापाऱ्याच्या वहीकडे परत यावयाचे तर पहिला प्रश्न असा, की वही कोणत्या मापात लिहावी. खरेदी पेटीने, विक्री नगाने. मग साठा पेटीत ठेवावा की नगात? पुष्कळजण पेटी वा डझन निवडतात, कारण आकडे लहान दिसतात. येथेच फसगत होते. समजा, वही डझनात आहे आणि दशांश चिन्हानंतर दोनच स्थळे लिहिली जातात. एक नग विकला की वहीत ०.०८ डझन वजा होतात. वास्तविक व्हावयास हवेत ०.०८३३..., आणि ही तीनची रांग कधी संपतच नाही. असे सुटे सुटे १,२०० नग विकले गेले म्हणजे प्रत्यक्षात शंभर डझन माल संपला. वहीतून मात्र ९६ डझन गेले. चार डझन, म्हणजे ४८ नग, वहीत जिवंत राहतात. मालक ते गोदामात शोधतो, मग नोकरावर संशय घेतो. एखाद्या पोराची नोकरी अशा रीतीने तीनच्या न संपणाऱ्या रांगेपायी जाऊ शकते. म्हणून वहीचे मूळ माप ते, ज्याहून लहान तुकडा गिऱ्हाइकाच्या हातात कधी पडत नाही. नग विकावयाचा तर वही नगात. मोठी मापे केवळ खरेदीच्या वेळी वापरावी आणि त्यांचे तत्काळ नग करून ठेवावे. बारांनी गुणताना काही सांडत नाही, बारांनी भागताना सांडते.

कापडाला मात्र हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. थान म्हणजे किती मीटर, याचे एक उत्तर नाही. एकाच गठ्ठ्यातील दोन थाने सारखी भरतीलच असे नाही. सरासरी धरून गुणक लिहिला तर वर्षअखेरीस थाने बरोबर येतात आणि मीटर चुकतात, किंवा मीटर बरोबर येतात आणि थाने चुकतात. अशा मालाला गुणक नकोच. थाने किती आणि मीटर किती, हे दोन्ही आकडे प्रत्येक वेळी प्रत्यक्ष मोजून दोन रकान्यांत लिहावे. फणस, मासळी, लाकडाचे ओंडके यांचीही तीच गोष्ट. नगही मोजावयाचे आणि वजनही करावयाचे. दोहोंत गुणाकाराचे नाते आहे असा आग्रह धरणे हाच तेथे दोष ठरतो.

लुगड्याची गोष्ट आणखी निराळी. नऊवारी या नावातच माप शिरून बसले आहे. वार कायद्यातून गेला तरी नावातून गेला नाही. कर्नाटकातील इलकल गावची, म्हणजे मराठी बायांची आवडती इरकली, नऊवारच नेसली जाई. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर. एखाद्याने सोयीसाठी वार म्हणजे ०.९ मीटर धरला तर हिशेब येतो ८.१ मीटर. फरक तेरा सेंटिमीटरांचा, दिसण्यात काहीच नाही. परंतु तागातून कापून शंभर लुगडी विकली की जवळजवळ तेरा मीटर कापड वहीत नसता शिल्लक राहते, म्हणजे दीड लुगड्याहून अधिक. बाजारात नऊवारी म्हणून येणारे प्रत्येक लुगडे नऊ वार भरते काय, हा प्रश्न वेगळा. त्याचे उत्तर नेसणारीला अधिक चांगले ठाऊक असते.

रेशमात आणखी एक सापळा आहे. बंगळुरापासून सुमारे पन्नास किलोमीटरांवर रामनगर येथे रेशीमकोशांचा मोठा बाजार भरतो. एक किलो कच्चे रेशीम काढण्यास सहा-सात किलो कोश लागतात, आणि या प्रमाणाला त्या व्यवसायात ‘रेंडिटा’ म्हणतात. नवशिका हिशेबनीस हे प्रमाण मापांचे नाते म्हणून संगणकात घालतो. पण कोश आणि रेशीम ही एकाच मालाची दोन मापे नव्हेत, ते दोन निरनिराळे माल आहेत. एकाचा दुसरा होताना पाणी, उष्णता, माणसाची मेहनत आणि थोडीबहुत नासधूस मधे येते. तो उत्पादनाचा हिशेब, आणि त्याची नोंद निराळी.

एकदा नोंदी सुरू झाल्यावर मूळ माप बदलण्याचा मोह आवरणे हे तर अत्यावश्यक. वहीत चाळीस पेट्या आहेत, आणि कोणी ‘पेटी’ हा शब्द खोडून तेथे ‘नग’ लिहिला, तर चाळीस पेट्यांचे चाळीस नग होतात. चांगले सॉफ्टवेअर याला सहजासहजी परवानगी देत नाही, आणि वापरणारा त्याच्या नावाने बोटे मोडतो. जुन्या खात्यात शिल्लक शून्य करावी, नव्या मापाचे नवे खाते उघडावे आणि मोजून आरंभीची शिल्लक लिहावी, एवढाच मार्ग सरळ आहे. चोपडी बदलताना जुने दिवाणजी नेमके हेच करीत.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि मापांना सरकारी संकेतही मिळाले. किलोला एक संकेत, मीटरला एक, डझनाला, ग्रोसाला, गाठीला, पोत्याला आणि खोक्यालाही एकेक. ज्याचे कशातच जमत नाही त्याला ‘इतर’. व्यापाऱ्याने आपल्या घरच्या मापाची सांगड यांपैकी एकाशी घालून विवरणपत्र भरावयाचे असते. यामुळे शिस्त आली हे खरे. पण खोक्याला संकेत दिल्याने खोके काही एका आकाराचे होत नाही. एकाने शंभर खोकी साबण विकला आणि दुसऱ्याने शंभर खोकी, तर दोघांची बेरीज दोनशे खोकी होते, साबण किती झाला हे मात्र कळत नाही.

बंगळूरच्या कृष्णराजेंद्र बाजारात पहाटे फुलांचे ढीग पडतात. तेथे घाऊक व्यापारी मल्लिगे, म्हणजे मोगरा, किलोने तोलतो. पुढे ओवलेली माळ विकली जाते ती ‘मोळ’ या मापाने. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत जेवढे अंतर तेवढा मोळ, म्हणजे आपला हात. दोन्ही बाहू पसरले की ‘मारु’. वजनमापांच्या कायद्यात या मापांना जागा नाही. किलोभर फुलांचे किती मोळ होतात, हे फुलावर, ऋतूवर आणि ओवणारीच्या बोटांवर अवलंबून. घट्ट ओवणारीचे कमी, सैल ओवणारीचे जास्त. व्यापाऱ्याच्या वहीतून पाच किलो मल्लिगे वजा होतात आणि वही तेथेच थांबते. त्यापुढे टोपली घेऊन दारोदार फिरणारी बाई आपल्या हाताने मोजते, आणि घर ओळखीचे असेल तर बोटांच्या पुढे चार कळ्या जाऊ देऊन मग दोरा तोडते.